पोळी सोडण्याआधी रक्त तपासा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात जत्रेची किंवा मठातली पंगत बसली की पानात खपली गव्हाची खीर येते. शेजारच्या कानडी घरांत तिलाच हुग्गी म्हणतात. टरफल सहजी न सोडणारा हा लालसर, लांबट दाण्याचा गहू बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कृष्णाकाठच्या काही गावांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवला आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या डीडीके १०२५, डीडीके १०२९ अशा सुधारित जातीही काढल्या. अलीकडे शहरांत त्याला नव्याने मान मिळाला. मधुमेह असलेल्यांनी साध्या गव्हाऐवजी खपली खावी, तो पचायला हलका असतो, असं सांगितलं जातं. त्यावर वाद होऊ शकतो, पण त्यातून कुणाचा जीव धोक्यात येत नाही. धोका आहे तो दुकानातल्या पाटीवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या पुढच्या वाक्यात. ते वाक्य म्हणतं, खपलीत ग्लूटेन नसतं.

हे साफ खोटं आहे. खपली हा गहूच आहे. त्याच्या पेशीत २८ गुणसूत्रं असतात, नेहमीच्या पोळीच्या गव्हात ४२. त्यामुळे दोघांच्या ग्लूटेनच्या घडणीत थोडा फरक पडतो, पण ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन दोन्हींत असतं. सीलिॲक नावाचा आजार असलेल्या मुलाला ‘हा गहू चालतो’ म्हणून खपलीची खीर वाढली, तर त्याच्या आतड्याला इजा होणारच.

सीलिॲकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्यावर घाव घालते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलसारखी दाट लव असते. एकेक धागा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही आखूड, पण अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं आणि चरबी शोषली जाते ती याच लवेतून. सीलिॲकमध्ये ती झडत जाते आणि आतडं सपाट होतं. माणूस दोन वेळ पोटभर जेवतो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. गव्हाखेरीज जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांतही असेच प्रथिनांचे प्रकार असतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, मका यांत ते नसतात.

गव्हाची ॲलर्जी म्हणजे सीलिॲक नव्हे. ॲलर्जीत गहू खाल्ल्यावर थोड्या वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास अडतो. सीलिॲकमधलं नुकसान महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं मुकाट्याने चालू राहतं. घरात दोन्हींना ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणण्याचा प्रघात आहे. डॉक्टरला मात्र गहू खाल्ल्यावर नेमकं काय होतं आणि किती वेळाने होतं, ते सविस्तर सांगावं.

आपल्याकडे हा आजार ओळखला जात नाही, त्याचं एक कारण भूगोलात आहे. सीलिॲक हा पंजाब-हरियाणाचा, गव्हाच्या मुलखाचा आजार, असं वैद्यकीय शिक्षणातही बराच काळ सांगितलं गेलं. त्याला आधारही होता. उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलिॲकवरचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९६६ सालीच आला होता. दिल्लीच्या एम्सचे गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिल्ली परिसरात साधारण दर ९६ माणसांमागे एकाला सीलिॲक आढळला. मग बी. एस. रामकृष्ण, मखारिया आणि इतरांनी २०१६ साली देशाच्या तीन टोकांची तुलना केली. हरियाणा, ईशान्य भारत आणि वेल्लोर इथल्या २३,३३१ प्रौढांच्या या पाहणीत सीलिॲकचं प्रमाण उत्तरेत हजारी ८.५३, ईशान्येत ४.६६ आणि वेल्लोरकडे अवघं ०.११ निघालं.

याच पाहणीतली आणखी एक गोष्ट बेळगावच्या वाचकाने नीट लक्षात घ्यावी. या आजाराला लागणारा जनुकीय पाया, म्हणजे एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८, तिन्ही भागांत साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांकडे होता. त्यात उत्तर-दक्षिण असा भेद दिसला नाही. फरक पडला ताटात. उत्तरेतला माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला २५ ग्रॅम.

बेळगाव आणि निपाणी ना हरियाणात, ना वेल्लोरमध्ये. इथलं मूळ जेवण जोंधळ्याच्या भाकरीचं, सोबत भात. पण आता सकाळी उप्पीट किंवा चहात बुडवलेली बिस्किटं, डब्यात चपाती, संध्याकाळी पावाबरोबर काहीतरी, सणाला मांडे आणि पुरणपोळी, असं दिवसभरात गव्हाचं येणंजाणं चालू असतं. ज्या घरात आजीने वर्षातून मोजक्या वेळा पोळी लाटली, त्याच घरातली नात रोज पोळी खाते. जनुकं दोघींची सारखीच. मग इथे सीलिॲक नाही असं कोणत्या आधारावर म्हणायचं? उत्तरेपेक्षा तो कमी असेल, असं मानायला जागा आहे. पण दवाखान्यात समोर बसलेल्या रुग्णाला ‘आपल्या भागात हा आजार नसतो’ असं सांगायला कोणताही आधार नाही.

पुस्तकातलं सीलिॲकचं मूल ओळखायला सोपं असतं. वरचं अन्न सुरू होऊन काही महिने झाले की त्याला सारखे जुलाब होऊ लागतात. शौच फिकट, दुर्गंधी, तेलकट. पोट पुढे आलेलं, दंड-मांड्या बारीक, चेहऱ्यावर चिडचिड. वजन वाढत नाही, उंचीही थांबते. घरचे आधी दृष्ट काढतात, मग जंताचं औषध देतात, मग टॉनिक. जुनी माणसं संग्रहणी म्हणून मोकळी होतात. जंत असूही शकतात, त्यांचं औषध देणं चूक नाही. चूक होते ती तेच औषध तिसऱ्यांदा, चौथ्यांदा देण्यात.

मोठ्या माणसांत आणि थोड्या मोठ्या मुलांत मात्र आजार ओळखीचा चेहरा घेऊन येत नाही, आणि नेमके असेच रुग्ण जास्त निसटतात. कित्येकांना जुलाब होतच नाहीत, काहींना तर बद्धकोष्ठ असतं. तक्रार असते ती थकव्याची, वारंवार तोंड येण्याची, हाडं दुखण्याची. दातांवरच्या आवरणाला खाचा पडलेल्या असतात. मुलीची पाळी उशिरा सुरू होते. कोपर, गुडघे, कुल्ल्यांवर खाजऱ्या बारीक फोडांचे पुंजके येतात आणि महिनोन्‌महिने खरजेचं मलम लावलं जातं. यकृताच्या तपासण्या कारण नसताना वाढलेल्या येतात. वारंवार गर्भपात किंवा मूल न राहणं यामागेही काही वेळा सीलिॲक असतो. अशा बाईला सासरी-माहेरी काय ऐकावं लागतं, ते सांगायला नको. तिच्या रक्ताची एक तपासणी करून पाहिली पाहिजे, एवढं म्हणणारं कुणीतरी भेटायला हवं.

सगळ्यांत मोठी लपण्याची जागा आहे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उभी राहणारी, घरी विड्या वळणारी बाई दमली म्हणाली, तर तिला लोहाच्या गोळ्या मिळतात आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. पण गोळ्या इमानाने खाऊनही तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन वर येत नसेल, तर ‘तुम्ही गोळ्या खाल्ल्याच नाहीत’ असं तिला दटावण्याआधी लोह शोषणाऱ्या आतड्याचा विचार व्हायला हवा. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्या रुग्णांवरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा आतड्याचा तुकडा काढून तपासल्यावर साधारण ३१ जणांमागे एकाला सीलिॲक सापडला. ते अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत. तरीही गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णाची तपासणी करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

हा आजार ओळखायचा कसा, या प्रश्नाने डॉक्टरांनाही पुष्कळ वर्षं झुलवलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात सॅम्युएल गी यांनी १८८७ साली या आजाराचं वर्णन केलं आणि रुग्ण बरा होणार असेल तर तो आहारानेच, असंही म्हटलं. त्यांनी एका मुलाची हकीकत नोंदवली आहे. रोज डच शिंपले खायला दिल्यावर ते मूल बाळसं धरू लागलं, शिंपल्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा आजारी पडलं. उपाय हाताशी आला होता, पण त्यामागचा दोषी कोण ते कळलं नाही.

तो दोषी दाखवून दिला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. द हेगमधल्या मुलांच्या रुग्णालयात १९३० च्या दशकातच त्यांना पावाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. बाकीची मुलं खंगत असताना सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परतला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुलांना गहू देऊन आणि गहू काढून शौचातल्या चरबीचं मोजमाप केलं आणि १९५० साली उट्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. त्यानंतर दोन वर्षांत बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी गव्हातला घातक भाग ग्लूटेन असल्याचं दाखवलं. पुढे तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा काढणं शक्य झालं आणि झडलेली लव सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली. १९९७ मध्ये जर्मनीत डीटरिख, शुपान आणि सहकाऱ्यांनी शरीर नेमकं कोणत्या घटकावर हल्ला करतं ते शोधलं. त्याचं नाव टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच टीटीजी. आज आपण जी रक्ततपासणी करतो ती या शोधातून आली.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे रक्तातल्या टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडांचं मोजमाप. त्याबरोबरच एकूण आयजीए किती आहे तेही पाहावं लागतं. सीलिॲकच्या शंभरांतल्या दोन-तीन रुग्णांच्या शरीरात आयजीएच फार कमी बनतं. त्यांचा टीटीजीचा रिपोर्ट आजार असूनही स्वच्छ येतो. अशांसाठी आयजीजी प्रकारच्या तपासण्या आहेत. म्हणून चिठ्ठीवर एकूण आयजीए लिहिलेलं नसेल, तर रुग्णाने विचारायला संकोचू नये. लहान गावातली लॅब रक्ताचा नमुना बहुधा मोठ्या शहरात पाठवते, त्यामुळे रिपोर्टला काही दिवस लागतील. उपाशीपोटी रक्त द्यायची गरज नसते.

टीटीजी वाढलेलं आलं, तर पुढची पायरी दुर्बिणीची. पोटविकारतज्ज्ञ तोंडावाटे बारीक दुर्बीण जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेतो आणि तिथले चार ते सहा तुकडे घेतो. तुकडे अनेक घ्यावे लागतात, कारण लव सगळीकडे सारखी झडलेली नसते. एकच तुकडा नेमका चांगल्या जागचा निघाला तर निदान हुकतं. तुकडे घेताना दुखत नाही, कारण आतड्याच्या त्या पापुद्र्याला तशी वेदना नसते. लहान मुलांना भूल देऊन हे करतात. मुलांच्या बाबतीत युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २०१२ मध्ये एक सवलतही मान्य केली आणि २०२० मध्ये ती अशी सोपी केली: टीटीजी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही तपासणीही सकारात्मक आली, तर तुकडा न काढता निदान करता येतं. सवलत लागू होते की नाही, हे बालपोटविकारतज्ज्ञानेच ठरवावं.

निपाणीकरांना अशा तपासणीसाठी एकतर चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जावं लागतं, नाहीतर त्याच महामार्गाने दुसऱ्या दिशेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या बेळगावला. बरेच जण मिरजही गाठतात. तीन गावांत तीन डॉक्टर झाले की कागद विखुरतात. म्हणून एक फाइल करावी. तिच्यात मुलाच्या वजन-उंचीच्या जुन्या नोंदी आणि अंगणवाडीचं कार्डही ठेवावं. उंचीची रेघ कोणत्या महिन्यापासून थांबली, हे तज्ज्ञाला दहा प्रश्नांपेक्षा लवकर सांगून जातं.

आता सर्वांत मोठी चूक. कुणीतरी सांगतं, गहू सोडून पाहा. माणूस सोडतो आणि त्याला बरं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. तोवर रक्तातली प्रतिपिंडं उतरू लागलेली असतात, आतड्याची लव परत येऊ लागलेली असते. रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो आणि मग आजार नाही असा निर्वाळा मिळतो. तो पुन्हा पोळी खाऊ लागतो आणि आतडं पुन्हा झडतं. दुसऱ्या बाजूला, ज्यांना सीलिॲक नाहीच अशी माणसं निदानाशिवाय आयुष्यभर पथ्य ओढत बसतात. म्हणून पोळी बंद करण्याआधी रक्त द्यायला हवं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं मार्गदर्शन असं, की तपासणीआधी किमान सहा आठवडे दिवसातल्या एकाहून जास्त जेवणांत ग्लूटेन असावं. गहू आधीच सोडला असेल, तर डॉक्टरच्या देखरेखीखाली तो काही आठवडे परत सुरू करून मगच तपासणी करतात. इथल्या भाकरीवाल्या घरांसाठी ही सूचना दुप्पट महत्त्वाची. जो मुळातच आठवड्यातून दोनदा पोळी खातो, त्याच्या ‘सगळं ठीक’ या रिपोर्टवर तेवढाच भरवसा ठेवावा. रक्त काढण्याआधी आपण किती गहू खातो, ते डॉक्टरला सांगितलंच पाहिजे.

एचएलएची जनुकीय तपासणी महाग आहे आणि तिचा अर्थ अनेकदा उलटा लावला जातो. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील, तर सीलिॲक जवळजवळ नाहीच म्हणता येतं. पण असतील तर त्यावरून आजार सिद्ध होत नाही, कारण तशी जनुकं देशातल्या कोट्यवधी निरोगी लोकांकडे आहेत. केसांवरून, किंवा शंभर पदार्थांच्या आयजीजी यादीवरून ‘ग्लूटेन चालत नाही’ असं सांगणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालू नयेत. त्यांनी सीलिॲकचं निदान होत नाही.

उलट दिशेची सावधगिरीही हवी. आपल्या देशात लव झडण्याची इतर कारणंही आहेत: जिआर्डियासारखे परजीवी, आतड्याचा क्षयरोग, आणि दक्षिण भारतात पूर्वी मोठ्या प्रमाणात दिसलेला ट्रॉपिकल स्प्रू. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर, व्ही. आय. मथान यांनी या स्प्रूवर मोलाचं काम केलं आहे. तो औषधांनी बरा होतो, पोळी सोडून नव्हे. म्हणून केवळ तुकड्याच्या रिपोर्टवर किंवा केवळ रक्तावर निकाल न देता दोन्ही जुळवून पाहिले जातात, आणि पथ्य सुरू केल्यावर रुग्ण सुधारतो का तेही पाहिलं जातं.

निदान पक्कं झालं, की औषध एकच: ग्लूटेन जन्मभर बंद. इथे बेळगाव-निपाणीच्या बाईचा हात हरियाणातल्या बाईपेक्षा वर आहे. तिला भाकरी थापायला नव्याने शिकावं लागत नाही. शाळूची भाकरी, तांदळाचे घावन, नाचणीची आंबील, राळ्याचा भात, वरीचे तांदूळ, साबुदाणा हे सगळं तिच्या स्वयंपाकघरात आहेच. ज्वारी सीलिॲकच्या रुग्णांना चालते का, हे इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी रुग्णांना ज्वारीचे पदार्थ खायला घालून तपासलं आणि २००७ मध्ये चालते असं सांगितलं. सोलापूर-विजापूरचा जोंधळा इतक्या लांबून प्रशस्तिपत्र मिळवून आला, याचा आनंद वाटायलाच हवा.

अडचण गिरणीत येते. साधारण ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ३ ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. इटलीतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लूटेननेही तीन महिन्यांत आतड्याला इजा झालेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक, चिमूटभर. गिरणीत गव्हाच्या दळणानंतर जोंधळा टाकला, तर दगडांत आणि पिशवीत राहिलेलं पीठ सहज त्यापेक्षा जास्त भरतं. ‘आधी थोडे तांदूळ टाकून गिरणी साफ करा’ ही तडजोड अशा रुग्णासाठी पुरी पडत नाही. घरघंटी घेणं परवडत नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून एक घ्यावी, किंवा फक्त भाकरीचंच दळणारी गिरणी शोधावी. पोळपाट, चाळण, तवा वेगळा हवा. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. सातूच्या पिठात गहू असतो. बाजारच्या बांधणी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि तो हिंग आमटीत, सांबारात, लोणच्यात सगळीकडे जातो.

पाकिटबंद पदार्थांवर ग्लूटेन असलेल्या धान्यांची नोंद करणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने बंधनकारक आहे. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. पण ही नोंद इंग्रजीत किंवा हिंदीत छापली की नियम पुरा होतो. निपाणीतल्या कित्येक आया मराठी वाचतात, काही कानडी वाचतात, आणि इंग्रजी बारीक अक्षरांपुढे थांबतात. स्थानिक भाषांतही ही एक ओळ छापायला लावली, तर कुणाचं काही बिघडणार नाही, आणि एका मुलाची काळजी घेणं सोपं होईल. तोवर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून पाकीट वाचून घ्यावं.

कर्नाटकातल्या शाळांत अक्षर दासोहचं दुपारचं जेवण मिळतं. मुलाला भात चालेल, पण उप्पीट किंवा चपाती असेल त्या दिवशी डबा लागेल, आणि सांबारातल्या हिंगाची चौकशी करावी लागेल. मुख्याध्यापकांना डॉक्टरची चिठ्ठी देऊन ठेवली, की दर वर्गशिक्षकाला नव्याने समजवावं लागत नाही. पथ्य नीट पाळलं की मूल काही आठवड्यांत खेळायला लागतं, वजन चढू लागतं. टीटीजी उतरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात. ते उतरलं नाही, तर बहुधा कुठूनतरी गहू पोटात जातो आहे, आणि मग स्वयंपाकघरातला एकेक डबा पाहावा लागतो.

घरात एकाला सीलिॲक निघाला, की आईवडील आणि सख्ख्या भावंडांचंही रक्त तपासायचं, त्यांना काही त्रास नसला तरी. अशा जवळच्या नातलगांत हा आजार साधारण दहा-पंधरा जणांमागे एकाला निघतो. टाइप-१ मधुमेह, थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचीही हीच तपासणी करून घ्यावी. आज रिपोर्ट स्वच्छ आला तरी भावंडांची तपासणी काही वर्षांनी पुन्हा करावी लागते, आणि तोवर त्यांची पोळी चालूच ठेवावी लागते.